१३ जण आजारी, आणि बोट मावशींकडे

ठाण्याकडच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

मे महिन्यातल्या एका शनिवारी लेकाचा वाढदिवस घरीच केला, २२ माणसं. पावभाजी, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले चिकन कबाब, पुदिन्याची चटणी आणि ताईंनी स्वतः केलेल्या मेयोनीजची सँडविच. अंडी माहेरची, गावठी, काका मुद्दाम घेऊन आले होते. सकाळी ११ ला मिक्सरमध्ये मेयोनीज केलं, जार विसळून त्यातच चटणी वाटली, दोन्ही फ्रीजमध्ये ठेवलं. ४ वाजता ताई आणि नणंद सँडविच करायला बसल्या आणि झालेली ताटं ओल्या फडक्याखाली टेबलावर ठेवली. स्वयंपाकाच्या मावशी ३ ला आल्या, त्यांनी पावभाजी केली, कबाब तव्यावर गरम केले, भांडी घासली, आणि जाताना उरलेली सँडविच घरी नेली. रविवारी दुपारपासून एकेक जण पडायला लागला, ताप, मुरडा, जुलाब. मंगळवारपर्यंत १३. नणंदेच्या ६ वर्षांच्या मुलाला ॲडमिट करावं लागलं आणि त्याच्या स्टूल कल्चरमध्ये (शौचातले जंतू वाढवून बघायची तपासणी) साल्मोनेला नावाचा जंतू आला, टायफॉईडचा नव्हे, दुसरा. ताईंच्या मिस्टरांनी गुगल केलं तर तिथे 'टायफॉईड मेरी' नावाची स्वयंपाकीण सापडली, आणि झालं, घरात ठरलं की मावशीच कॅरिअर, म्हणजे स्वतः आजारी न दिसता जंतू बाळगून पसरवणारी. त्या स्वतः ठणठणीत आहेत आणि त्यांच्या नातवाला मात्र सोमवारी जुलाब झाले, म्हणजे अजून काय पुरावा पाहिजे! ९ वर्षं घरात काम करणाऱ्या बाईंना 'तूर्त येऊ नका' असं सांगितलंय. नणंद कबाबवाल्याला एक स्टार द्यायला निघालीये. ताई विचारतात: मावशींची विडाल टेस्ट (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) करून घ्यावी का, की सरळ काढून टाकावं? अंड्याचा संशय त्यांना आला होता पण सासऱ्यांनी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही आणि तेही आजारी पडले, शिवाय अंडी गावठी आणि मेयोनीज घरचं, 'त्याला कसला वासही येत नव्हता'.

प्रिय ताई,

आधी हे सांगते की तुम्ही पत्रात सगळं लिहिलंय. म्हणजे खरोखर सगळं. अकराला काय केलं, चारला काय केलं, कोण काय घेऊन गेलं. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलीत, लाल रंगाच्या कल्चर प्लेटवर मधोमध काळा डोळा असलेले ठिपके उगवलेले बघितलेत (साल्मोनेला त्या प्लेटवर असाच दिसतो, एकदा बघितला की विसरत नाही), आणि माझा अनुभव असा की पेशंटकडून 'काय खाल्लं होतं' याचं उत्तर नेहमी 'काही नाही हो, घरचंच' असं येतं. तुम्ही तसं केलं नाहीत. त्यामुळे तुमच्याच पत्रातून तुम्हाला उत्तर देता येतंय, मला बाहेरून फारसं काही आणावं लागणार नाही.

एक कागद घ्या आणि दोन उभे रकाने करा, आजारी आणि ठणठणीत. आता प्रत्येक नावापुढे त्या माणसाने काय काय खाल्लं ते लिहा. साथीचा शोध घेणारे लोक सुरुवातीला हेच करतात, यात काही मोठं शास्त्र नाही, आपल्या बायका हिशोबाच्या वहीत याहून अवघड कामं करतात. तुमच्या पत्रातून मला जेवढं दिसलं तेवढं सांगते. सासूबाई ठणठणीत, शनिवारचा उपास, साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दीर ठणठणीत, तुम्हीच लिहिलंय की ते ६ कबाब खाऊन वर पाव मागत होते आणि मेयोनीज त्यांना 'साबणासारखं' लागतं, शिवाय ते कबाबावरसुद्धा टोमॅटो सॉस ओततात, चटणीला हात लावत नाहीत. म्हणजे कबाब सगळ्यात जास्त खाल्लेला माणूस उभा आहे. शेजारच्या दोन मुली अंडं खातात पण चिकन खात नाहीत, त्यांनी कबाब चाखलाही नाही आणि त्या दोघी आडव्या. मग कबाबवाल्याला एक स्टार कशासाठी? नणंदबाईंना म्हणावं थांबा जरा, त्याचं पोट त्या दुकानावर आहे.

पावभाजी तर सगळ्यांनीच खाल्ली, सासूबाई सोडून. ती मावशींच्या हातची. पण पावभाजी रटारटा उकळते हो, ताई. साल्मोनेलाला उकळी झेपत नाही, ७० डिग्रीच्या पुढे गेलं की तो झटपट मरतो. समजा मावशींच्या हाताला काही असतंही (नव्हतं असं मला वाटतं, पण समजा), तरी त्या हातांनी जे जे केलं ते नंतर गॅसवर चढलं. भाजी उकळली, पाव आणि कबाब तव्यावर शेकले. जे अजिबात गॅसवर चढलं नाही ते तुम्ही आणि नणंदेने केलं. मला माहितीये हे वाचायला बरं वाटत नाहीये.

आता सासरे. तुमची सगळी भिंत त्यांच्यावर उभी आहे, की त्यांनी अंडं खाल्लं नाही आणि तरी आजारी पडले, म्हणजे अंडं नाही. पण तुम्हीच लिहिलंय की त्यांच्यासाठी वेगळी चटणी-काकडीची सँडविच केली होती. चटणी कशात वाटली? मेयोनीजच्या जारमध्ये, विसळून. एकदा त्या जारचं झाकण उलटं करून आतलं रबर सुरीच्या टोकाने उचकटून बघा. तिथे जे पिवळट चिकट बसलेलं असतं ते विसळून जात नाही, घासूनही नीट जात नाही, रबर काढावंच लागतं. पात्याखालच्या फटीचंही तेच. पुदिना, मिरची, लिंबू, सगळं त्या जारमध्ये फिरलं, आणि चटणी काही आपण उकळत नाही.

अमेरिकेत १९९४ साली याच गोष्टीचा राक्षसी अवतार झाला होता. आइस्क्रीम खाऊन देशभर लोक आजारी पडले, पुढे अंदाज केला तर आकडा २ लाख २४ हजारांवर गेला. शोध घेतल्यावर कळलं की आइस्क्रीमचं मिश्रण पाश्चराइज केलेलं, म्हणजे तापवून जंतू मारलेलं होतं, अगदी व्यवस्थित, पण ते ज्या टँकरमधून कारखान्यात आलं त्या टँकरने आधी फोडलेली कच्ची अंडी वाहिली होती आणि मधली धुलाई धड झाली नव्हती. बास. टँकर म्हणजे तुमचा मिक्सरचा जार, फक्त मोठा. आणि सासरे रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात असं तुम्ही ओघात लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे. पोटातलं ॲसिड हा आपला दारावरचा वॉचमन आहे, बरेचसे जंतू तिथेच मरतात, गोळी घेतली की वॉचमन पेंगतो, मग थोडेसे जंतूही आत शिरायला पुरतात. म्हणजे चटणीतल्या चिमूटभराने ते आजारी पडले असतील तर मला नवल वाटत नाही.

आणि मावशींचा नातू! तो तुमच्या घरच्यांना सगळ्यात मोठा पुरावा वाटतोय आणि मला उलट दिसतोय. पार्टी शनिवारी, तो आजारी सोमवारी. मावशींनी त्याच्याकडून आजार आणून तुम्हाला दिला असता तर आधी तो पडला असता. उरलेली सँडविच कुणी नेली? मावशींनी. कुणासाठी नेली असतील? मावशी स्वतः ठणठणीत आहेत याचं कारण त्या कॅरिअर आहेत हे नसून त्यांनी ती सँडविच खाल्लीच नाहीत, सगळी पोराच्या पुढ्यात ठेवली, एवढं साधं असू शकतं. विचारलंत का त्यांना? मला वाटतं कुणीच विचारलं नाही. तो पोरगा तुमच्या यादीतला चौदावा पेशंट आहे, ताई, संशयित नाही.

आता टायफॉईड मेरीबद्दल, कारण तुमच्या मिस्टरांनी अर्धंच वाचलेलं दिसतंय. मेरी मॅलन ही आयर्लंडहून न्यूयॉर्कला गेलेली स्वयंपाकीण. १९०६ साली ऑयस्टर बे नावाच्या ठिकाणी एका श्रीमंत घरात ११ पैकी ६ जणांना टायफॉईड झाला, जॉर्ज सोपर नावाचा इंजिनिअर शोध घ्यायला आला. त्यालाही हाच प्रश्न पडला होता की बाई गरम स्वयंपाक करते मग जंतू जातो कसा. उत्तर निघालं पीचचं आइस्क्रीम, ताजी कापलेली कच्ची फळं घातलेलं, तिच्या हातचं, न शिजवलेलं. म्हणजे मेरीच्या गोष्टीतसुद्धा धागा 'बाई' नाही, 'न शिजवलेलं' हा आहे. तिला १९०७ ला डांबलं, १९१० ला स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं, पोटासाठी तिने पुन्हा नाव बदलून काम धरलं, १९१५ ला एका प्रसूतिगृहात २५ जण आजारी पडल्यावर परत पकडलं आणि मग १९३८ ला मरेपर्यंत बेटावर ठेवलं. शहरात तिच्यासारखे शेकडो कॅरिअर पुढे सापडले, त्यांना असं जन्मभर कुणी डांबलं नाही. गरीब, परदेशातून आलेली, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई होती ती. असो.

आणि मुळात तिचा जंतू वेगळा. साल्मोनेला हे आडनाव समजा, त्या आडनावाचे अडीच हजारांवर प्रकार आहेत. टायफॉईडचा प्रकार फक्त माणसात राहतो, काही जणांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं दडून बसतो, आणि शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे घेतो. तुमच्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये आलाय तो दुसरा, कोंबड्या-बदकं-गुरं-डुकरं यांच्या आतड्यात सुखाने नांदणारा, आणि तो बहुतेक वेळा ६ तास ते ६ दिवस एवढ्यात दाखवतो. शनिवारी रात्री ८ ला जेवण, रविवारी दुपारी पहिला पेशंट, मंगळवारी शेवटचा. घड्याळ अगदी जुळतंय. (जेवणानंतर दोन-तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या असत्या तर मी वेगळंच काही म्हटलं असतं, तेव्हा जंतूने अन्नात आधीच करून ठेवलेलं विष असतं. वाचणाऱ्या बाकीच्यांनी हे लक्षात ठेवा, आपण नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो आणि खरा गुन्हेगार दोन दिवसांपूर्वीचा असतो.)

म्हणून विडाल टेस्टचा इथे काही उपयोग नाही. ती टायफॉईडच्या जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी बघते, जुना टायफॉईड होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि या दुसऱ्या प्रकाराबद्दल किंवा कॅरिअर आहे की नाही याबद्दल कामाचं काही सांगत नाही. स्टूल कल्चर करायचं म्हणाल तर मग ते तुमचं आणि नणंदेचंही करा, सँडविच तुमच्या हातची होती ना? मावशींचं करायचं आणि आपलं नाही, यामागे नेमकं काय आहे हे मी लिहीत नाही, तुम्हाला कळतं. आणि पॉझिटिव्ह आलं तरी काय सिद्ध होणार, आजारी पडलेल्या माणसाच्या शौचातून हा जंतू पुढे कित्येक आठवडे जात राहतो, म्हणजे तुमचंही कदाचित पॉझिटिव्ह येईल. कोण आधी आणि कोण नंतर हे त्यातून कळत नाही.

बरं, गावठी अंडी. माझ्या आजोळीही कोंबड्या होत्या, ते पिवळंधमक बलक मलाही आठवतं, पण कोंबडी अंगणात उकिरडा टोचत फिरते म्हणून तिच्या पोटात साल्मोनेला नसेल असं काही नाही, आणि असला तरी कोंबडी आजारी दिसत नाही. जंतू अंड्यात दोन वाटांनी जातो. एक म्हणजे कवचाला लागलेल्या घाणीतून, कवचाला बारीक छिद्रं असतात. आणि दुसरी वाट जास्त वाईट, साल्मोनेला एन्टेरिटिडिस नावाचा प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच बसतो, म्हणजे कवच तयार व्हायच्या आधीच तो आत असतो, मग अंडं कितीही स्वच्छ, कितीही ताजं, काही दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९८८ च्या डिसेंबरमध्ये एडविना करी नावाच्या मंत्रीणबाई म्हणाल्या की देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनाला हा रोग लागलाय, बोलण्यात अतिशयोक्ती होती, अंड्यांचा खप धाडकन पडला आणि बाईंना दोन आठवड्यांत राजीनामा द्यावा लागला, पण कोंबड्यांमध्ये जंतू होता हे खोटं नव्हतं. पुढे तिथे कोंबड्यांना लस द्यायला सुरुवात झाली, अशा कोंबड्यांच्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का मारायला लागले, आणि २०१७ ला तिथल्या अन्न खात्याने सांगितलं की या शिक्क्याची अंडी गरोदर बायकांनी कच्ची खाल्ली तरी चालतील. म्हणजे जवळजवळ ३० वर्षं लागली. आपल्या काकांनी पिशवीतून आणलेल्या अंड्यांवर असा काही शिक्का नाही.

एवढं लांब जायची गरजही नाही म्हणा. केरळने २०२३ च्या जानेवारीत कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये. या बातम्या तुम्हीही वाचल्या असणार, मीही वाचल्या, आणि आपण सगळ्यांनी मनात म्हटलं, हो ना, ते गाडीवाले, मोमोवाले, काय काय घालतात देव जाणे. बंदी गाडीवर नव्हती हो, कच्च्या अंड्यावर होती. तुम्ही जे केलंत ते अगदी तेच आहे, फक्त स्टीलच्या डब्यात.

वास येत नव्हता म्हणता, तर साल्मोनेलाला वास नसतोच. दूध नासवणारे, भाजी आंबवणारे जंतू वेगळे, ते बिचारे ओरडून सांगतात. हा गप्प बसतो. चवीत फरक नाही, रंगात नाही. आणि हा चिवटही फार. फ्रीजमध्ये मरत नाही, वाढायचा थांबतो फक्त, फ्रीजरमध्येसुद्धा बरेचसे जिवंत राहतात. कोरडं पडलं तरी मरत नाही, २००८-०९ मध्ये अमेरिकेत शेंगदाण्याच्या बटरमधून ७०० वर लोक आजारी पडले आणि ९ गेले, आणि शेंगदाण्याच्या बटरमध्ये पाणी असतं कितीसं! त्यात तो वाढत नाही, नुसता मुटकुळं करून पडून राहतो, आणि भोवतीचं तेल त्याला पोटातल्या ॲसिडमधून सांभाळून नेतं. मेयोनीज म्हणजे तेलच की. लिंबू घातलं होतं म्हणता, पण दोन चमचे लिंबाने तेवढा आंबटपणा येत नाही, आणि पुढे ते उकडलेल्या बटाट्यात कालवलं, ब्रेडला फासलं, म्हणजे होता तोही आंबटपणा पातळ झाला. मग ४ ते ८, मे महिना, ३३-३४ डिग्री, दमट, ओलं फडकं. त्याला आवडती हवा ३५ ते ३७ ची. परिस्थिती जुळली तर अर्ध्या तासात दुप्पट होतो, म्हणजे ४ तासांत एकाचे अडीचशे. चाराऐवजी सात वाजता सँडविच केली असती तर १३ च्या जागी कदाचित तिघंच आजारी पडले असते, कुणाला वाटलं असतं उन्हाचा त्रास, आणि तुम्ही मला पत्र लिहिलंच नसतं.

पोटात गेल्यावर तो काय करतो हे थोडक्यात सांगते कारण औषधाचा मुद्दा त्यावर आहे. लहान आतड्याच्या पेशीला तो सुईसारख्या नळीने टोचतो आणि आत अशी प्रथिनं सोडतो की पेशी आपणहून त्याला कवेत घेते. म्हणजे दार फोडत नाही, घरच्यांकडूनच उघडून घेतो. मग शरीर सूज आणून, पांढऱ्या पेशी पाठवून जाळ लावतं, ताप आणि जुलाब हे त्याचंच. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या सुजेतून आतड्यात गंधकाचं एक संयुग तयार होतं जे आपल्या नेहमीच्या चांगल्या जंतूंच्या कामाचं नाही पण साल्मोनेला त्यावर श्वास घेतो, हे २०१० मध्ये कळलं. आपण त्याला हुसकायला जाळ लावायचा आणि त्याने त्यावर शेकत बसायचं! तरीही निरोगी माणूस ४ ते ७ दिवसांत आपला आपण बरा होतो.

म्हणून तुमच्या मिस्टरांनी सगळ्यांना जी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पाकिटं वाटली ते मला अजिबात आवडलेलं नाही. या प्रकारात धडधाकट माणसाला अँटिबायोटिकने आजार लवकर बरा होत नाही, उलट पोटातले चांगले जंतू मरतात आणि साल्मोनेला शौचातून जास्त दिवस जात राहू शकतो. लागतं कुणाला, तर अगदी तान्ही बाळं, म्हातारी माणसं, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेले, किंवा जंतू रक्तात गेलाय असं वाटत असेल ते, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. सासऱ्यांना म्हणून डॉक्टरांना दाखवाच. जुलाब थांबवायची गोळीही ताप असताना किंवा रक्त पडत असताना घेऊ नये, घाण आत अडकून राहते. खरं औषध ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं आणि माणसं वाचवली, ते हेच. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, आणि प्रमाण खरंच मोजा, अंदाजपंचे नको. रक्त, १०२ च्या वर ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पाणीही पोटात न ठरणं, लहान मूल मलूल पडणं, यातलं काहीही असेल तर घरी बसू नका.

आता करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर अंडी बंद केली नसती, अंडं उत्तम आहे, फक्त बलक घट्ट होईपर्यंत शिजवायचं. मेयोनीज हवंच असेल तर विकतचं, ते पाश्चराइज केलेल्या अंड्याचं किंवा बिनअंड्याचं असतं, नाहीतर घरी चक्का, तेल, मोहरी फेटून होतंच की. अंडी आणल्या आणल्या धुवायची नाहीत, पाण्याबरोबर घाण छिद्रातून आत जाते, डब्यात घालून फ्रीजमध्ये, फारच बरबटलेली असतील तर वापरायच्या वेळी धुवा आणि लगेच शिजवा. चिकन नळाखाली धुण्याची आपली सवय तर मी इतक्या वर्षांत माझ्या आईचीही सोडवू शकले नाहीये, शिंतोडे पार कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत उडतात. जे कच्चंच खायचंय ते आधी वाटायचं आणि अंडं-मांस नंतर, एवढा क्रम पाळला असता तरी तुमचे सासरे वाचले असते. आणि ज्याला जुलाब होतायत त्याने थांबल्यावर पुढचे दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करायचा नाही, मग ती मावशी असो, तुम्ही असा की तुमची आई.

उरला अवघड भाग. आता सँडविच संपली, अंडी संपली, तपासायला काही उरलं नाही, त्यामुळे कोर्टात सिद्ध होईल असं मी काही म्हणत नाही. पण त्या कागदावरचे दोन रकाने पुरेसे बोलतात आणि तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. गप्प बसलात तर मावशींना दुसरं काम शोधावं लागेल, आणि सोसायटीत ही बातमी त्यांच्या आधी पोचलेली असेल, 'त्यांच्या हातचं खाऊन १३ जण पडले'. स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या बाईला यापेक्षा वाईट काही चिकटत नाही. सांगितलंत तर चार दिवस तुम्हाला टोमणे ऐकावे लागतील, नणंद बहुतेक म्हणेल तरी मी म्हणत होते, जे ती म्हणत नव्हती. तुम्ही मुद्दाम काही केलेलं नाही, लेकाच्या वाढदिवसाला विकतचं नको म्हणून उन्हाळ्यात राबलात, हे लोकांना कळतं. ग्रुपवर फार पाल्हाळ न लावता एवढंच टाका: 'शनिवारच्या त्रासाबद्दल. रिपोर्टमध्ये साल्मोनेला आलाय. कुणी काय खाल्लं ते जुळवून पाहिलं तर मी केलेल्या कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमधून आलेला दिसतोय, चटणीही त्याच जारमध्ये वाटली होती. मावशींचा किंवा कबाबवाल्याचा यात संबंध दिसत नाही. अजून कुणाला ताप असेल तर डॉक्टरांना साल्मोनेला म्हणून सांगा. अँटिबायोटिक आपल्या मनाने घेऊ नका. मला फार वाईट वाटतंय.' शेवटून दुसरं वाक्य मिस्टरांना आवडणार नाही, तरी ठेवा.

मावशींना मात्र मेसेज नको, फोनही नको, त्यांच्याकडे जा. जेवढे दिवस त्यांना घरी बसवलंत तेवढ्यांचा पगार घेऊन जा, सुट्टी तुम्ही दिलीत, त्यांनी मागितली नव्हती. आधी नातवाचं विचारा, तो खातोय का, लघवीला जातोय का. लहान मुलांच्या शौचातून हा जंतू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस जातो, तेव्हा त्याचं धुतल्यावर साबणाने हात, हे त्यांना सांगायला हवं, आणि ओआरएसची चार पाकिटं सोबत ठेवा. मग सांगा की ती सँडविच मी केली होती. त्या बहुतेक 'जाऊ द्या ताई' म्हणतील. तेवढ्यावर सुटका करून घेऊ नका, सोमवारपासून याल का, असं विचारा, आणि त्या नाही म्हणाल्या तर तेही ऐकून घ्या.